जास्तीचं गाणं

तीच गायिका, तोच निळा रंग,
फक्त आमच्या कव्हरवर तिचे खांदे मोकळे
आणि हामामात्सुच्या दुकानातल्या सीडीवर
ती कॉलर वर करून पाठमोरी.
"तुमच्याकडे तोंड, आमच्याकडे पाठ,"
हारुमी फोनवर म्हणाली,
"कंपनीला बरोबर कळलंय."

लोन्द्रिनात मिळायची त्यात दहा गाणी.
आत चतकोर कागद, एकदाच दुमडलेला,
त्यावर गाण्यांचे शब्द नाहीत, नुसते आभार,
ऑस्लोमधल्या कुणाकुणाचे.
चौथं मात्र खास आमच्यासाठी, अर्धं पोर्तुगीजमध्ये,
आणि त्यात ती बाई 'काळीज' असं म्हणते
की आईला वाटलं
हिच्या घशात माशाचा काटा अडकलाय.

हारुमीकडे बारा.
तिकडे सीडी महाग,
लोकांनी बाहेरची स्वस्त मागवू नये
म्हणून दोन गाणी वर घातलेली,
शनिवारच्या बाजारात भाजीवाला
कोथिंबिरीची काडी टाकतो तशी.
बाजूला कागदी पट्टी, पट्टीवर अक्षरं,
आजोबांनी घडाघडा वाचली असती.
हारुमीला निम्मी येत.
मला एकही नाही.

आमच्या शाळेत तिला सगळे जपानी म्हणायचे.
तिथे सीटबेल्टच्या कारखान्यात
तिचं नाव ब्राझीलवाली.
हे ती सांगत होती तेव्हा
मी फोनची वायर बोटाला गुंडाळत होतो
आणि विचारलं काय, तर
"बारावं कसं आहे गं?"

बरोबर बारा तासांचं अंतर.
काटे दोन्हीकडे अगदी एका जागी,
फक्त तिची रात्र, माझी सकाळ.
रविवारी नऊला ती बूथमध्ये शिरायची
आणि कार्डाचे आकडे उतरू लागायचे.

त्या रविवारी आधी मी चौथं ऐकवलं,
रिसीव्हर स्पीकरला टेकवून.
'काळीज' आलं तशी ती खिदळली.
"पुन्हा लाव."
पुन्हा लावलं.
तिसऱ्यांदा लावलं तेव्हा पलीकडे
एक मोटारसायकल गेली तेवढीच ऐकू आली,
ती नाही.

मग तिची पाळी.
तिनं हेडफोन फोनच्या तोंडाला धरले
आणि मी रिसीव्हरला टेपरेकॉर्डर.
अर्धं जग ओलांडून बारावं गाणं आलं
काड्यापेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखं.
शब्द कळेनात. चाल कळली.
दुसरं कडवं उतरणीला लागलं होतं,
आणि पीप.
मग लांब पीप.
मग काहीच नाही.

ती कॅसेट मी इतकी वाजवली
की आमच्या लाल मातीची धूळ तिच्या दातांत जाऊन बसली.
माझ्यासाठी गाणं पीपवर संपायचं,
जिना पायरीवर संपतो तसं, सरळ.
मला वाटायचं, काय शेवट केलाय!

आता सगळ्या देशांची मिळून एकच निघालीय,
एकतीस गाणी, खांदे आणि पाठ दोन्ही.
नायारानं तिच्या फोनवर लावलं.
पीपची जागा आली
आणि गाणं थांबलंच नाही.
पुढे एक पियानो होता. आणखी एक कडवं होतं.
एक मिनिट चाळीस सेकंद,
राहत्या घरात मागे एक खोली निघावी तशी,
आणि तिथे कुणी तरी दिवा लावून बसलेलं.

हारुमीला फोन केला. पडद्यावर तिचा मुलगा आला,
आईला जपानीत विचारलं, हे कोण.
"शेवट आठवतो का तुला?"
"मी कुठे ऐकला? हेडफोन तुला दिले होते ना."
"आणि नंतर?"
"नंतर प्लेअर विकला. त्या महिन्यात भाडं थकलं होतं."
हे मला आजवर माहीत नव्हतं.
बाकी कशी आहेस, मी म्हणालो.
बरी, ती म्हणाली.
पियानोचं सांगितलं नाही.

नायारा विचारते,
दरवेळी मधेच का बंद करतोस?
मधेच नाही, आमचं एवढंच आहे, मी म्हणतो,
आणि पीप तोंडानं काढतो.